चिंधीकरपंत

संगणकाच्या काळ्या पडद्यावर तिने ‘इला’ हा शब्द शोधायला टाकला आणि पडदा काहीच बोलला नाही. आज्ञा चुकली असती तर तो ओरडला असता. शब्द सापडला असता तर ओळी भराभर खाली उतरल्या असत्या. यातलं काही झालं नाही. नुसती नवी ओळ आली आणि तिच्या सुरुवातीला पांढरा ठोकळा लुकलुकत राहिला. एप्रिलची सकाळ होती, कूलरमधलं पाणी संपत आलं होतं आणि तो कोरडाच घरघरत होता. तिने पुन्हा तेच टाइप केलं, या वेळी एकेक अक्षर निरखून. पुन्हा तेच. मग काय सुचलं कोण जाणे, तिने ‘मोती’ शोधलं. ते लगेच आलं : ‘केशवपंतांकडे मोती नावाचा उमदा घोडा होता व त्यावर बसून ते वडनेरहून हिंगणघाटच्या कोर्टात जात.’ म्हणजे घोडा होता. वकील, मास्तर, संन्यासी, घरातून पळून गेलेले, अल्पवयात वारलेले, असे सगळे वडनेरकर ज्या एका फाइलीत रांगेने उभे केले होते, तिथे घोड्याला नाव होतं आणि तिला नव्हतं. हे तिला ठाऊक नव्हतं अशातला भाग नाही. ही फाइल तिनेच तर बांधली होती. पण ठाऊक असणं वेगळं आणि मशीनने तोंडावर गप्प बसणं वेगळं.

वर्ध्याच्या रामनगरात राहणाऱ्या आणि तंत्रनिकेतनात संगणक शिकवणाऱ्या या बाईला सगळं गाव मैथिली वडनेरकर म्हणून ओळखतं. आपण तिला इलाच म्हणू. कुणीतरी म्हणायला हवं. वडनेरकरांचा कुलवृत्तांत निघत होता. कोण कुणाचा मुलगा, कुणी कुठे घर बांधलं, कुणी काय कमावलं याचं जाडजूड पुस्तक. अशी पुस्तकं काढण्याची काही घराण्यांना हौस असते. ही हौस तिच्या नवऱ्याच्या काकांची, मधूकाकांची. हेडमास्तर म्हणून निवृत्त झाल्यावर ते पिशवी घेऊन पुणे, इंदूर, नागपूर हिंडले, एकेका घरी चहा पीत पिढ्या लिहून घेत राहिले, आणि तो सगळा ढीग त्यांनी इलाच्या टेबलावर आणून ठेवला, कारण सूनही घरची आणि संगणकही घरचा. काकांचं काम मात्र चोख. प्रत्येक पुरुषाखाली एक ओळ असे : ‘पत्नी सौ. अमुक, माहेर अकोल्याचे तमुक यांची कन्या.’ म्हणजे बापाचं नाव होतं, गाव होतं, आडनाव होतं. ज्या मुलीचं लग्न झालं तिचं जन्माचं नाव तेवढं नव्हतं. ते काकांनी वगळलं होतं असंही म्हणता येत नाही. विचारायचं असतं हेच त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

तिचं नाव गेलं ते अकोल्याच्या एका मंगल कार्यालयात, भर दिवसा, वाजतगाजत. चांदीच्या ताटात तांदूळ पसरले होते. गुरुजींनी विचारलं, नाव काय ठेवायचं, आणि ती काही बोलायच्या आत मधूकाका मागून म्हणाले, मैथिली. मुलगा अभिराम, मग दुसरं काय असणार, आणि सगळे हसले, कारण ते खरंच छान जुळत होतं. अभिरामने बोटातली अंगठी काढली आणि तांदळात तिच्या टोकाने ओढून लिहिलं. त्याचं अक्षर तेव्हाही वाईट होतं. इला त्या ताटाकडे बघत होती आणि तिला एवढंच वाटत होतं की तांदूळ हलले की ते पुसलं जाईल. पुसलं गेलंही. पण तोवर पेढे वाटून झाले होते. तिचे वडील मंडपाच्या खांबापाशी उभे राहून पंगतीकडे बघत होते. त्यांनीच तिचं नाव ठेवलं होतं. लहान नाव बरं, लांबूनही हाक ऐकू येते, असं ते म्हणायचे. त्या दिवसानंतर फोनवर बोलताना ते आधी एक क्षण थांबत आणि मग ‘बेटा’ म्हणत. जावयाच्या घरी कुठल्या नावाने हाक मारावी याचा त्यांना शेवटपर्यंत उलगडा झाला नाही. आणि ज्याने ते नाव अंगठीने लिहिलं तो अभिराम तिला मैथिलीही म्हणत नसे. तो तिला ‘अगं’ म्हणे. इतक्या वर्षांच्या संसारात बाईला नाव बदलून मिळालं ते हे ‘अगं’.

तिने दोन्ही हात कीबोर्डवर ठेवले. शब्द बदलण्याचं हत्यार तिच्या रोजच्या सवयीचं होतं. सेड त्याचं नाव. वर्गात ती मुलांना सांगायची, याच्यापुढे अर्ज-विनंत्या चालत नाहीत. एस लिहायचं, तिरकी रेघ, जुना शब्द, तिरकी रेघ, नवा शब्द, तिरकी रेघ, आणि शेवटी जी, म्हणजे जिथे जिथे असेल तिथे. खात्री आहे का, असं हा विचारत नाही. म्हणून आधी मूळ फाइलीची प्रत शेजारी ठेवा, आणि शब्दाच्या दोन्ही कडा बांधून घ्या, म्हणजे तो अख्खा शब्दच धरेल, नाहीतर दुसऱ्या शब्दाच्या पोटात हात घालेल. स्वतःच्या नावाच्या वेळी तिने हे सगळं पाळलं. मैथिली शोधलं तर दोनच ठिकाणी सापडलं. एक ती स्वतः, आणि दुसरे रेल्वेतले एक श्रीधरपंत, जे दरभंग्याला बदलीवर असताना तिथली भाषा, ‘मैथिली उत्तम बोलत’. श्रीधरपंतांना तिने बाजूला ठेवलं. ‘इला उत्तम बोलत’ असं छापलं गेलं असतं तर ते अगदीच खोटं झालं नसतं, पण ते असो. तिने आज्ञा लिहिली, कळ दाबली, आणि मग पुन्हा शोधलं. ओळ आली : ‘पत्नी सौ. इला, माहेर अकोल्याचे.’ तिला खुर्चीतून उठावंसं वाटलं. ती उठली, स्वयंपाकघरात गेली, माठातलं पाणी प्यायली, आणि परत येऊन ती ओळ पुन्हा वाचली. कुणी काही म्हणो, आता हे असंच जाणार होतं.

आणि इथेच तिचा हात सुटला. आपल्याला मिळालं की माणसाला सगळ्यांना वाटावंसं वाटतं. घरात दुसरी एक बाई होती, तिची सासू, पद्मा वडनेरकर, आष्टीकडची. तिचं खरं नाव चिंधी. हे इलाला कुणी सांगितलं नव्हतं. एकदा आष्टीहून सासूचे भाऊ आले होते, म्हातारे, धोतरातले, आणि निघताना दारात त्यांनी बहिणीच्या डोक्यावरून हात फिरवून म्हटलं होतं, ‘येतो वं चिंधे.’ सासू तेव्हा पोरीसारखी हसली होती. ते हसू तिने पुन्हा कधी पाहिलं नव्हतं. इलाने पद्मा काढून चिंधी घातलं, सगळीकडे, जिथे जिथे असेल तिथे. कडा बांधायच्या राहिल्या. मधूकाकांना दुपारपर्यंत शेवटची प्रत हवी होती, रागात आणि आनंदात तिने ती तशीच पाठवून दिली. लपवून नाही. वाचू देत, असाच तिचा ठसका होता.

काकांनी वाचलं. त्यांचा फोन आला तेव्हा अभिरामने तो उचलला आणि सवयीने स्पीकर लावून टेबलावर ठेवला, म्हणून सगळ्या घराने ऐकलं.

‘मैथिली आहे का तिथं? मुखपृष्ठ पाहिलंस तू? काय छापून ठेवलंस हे?’

‘काय झालं काका?’ इलाने विचारलं.

‘फोटो कोणाचा आहे? पद्माकरपंत वकिलांचा! आपल्या घराण्याची शान! आणि खाली नाव काय आहे? चिंधीकरपंत! चिंधीकरपंत वकील! आत बघतो तर पान भरून चिंधीकरपंत. चिंधीकरपंतांनी खटला जिंकला, चिंधीकरपंतांचा सत्कार झाला!’

अभिरामला हसू आवरेना आणि त्याने तोंड फिरवलं. इलाचे कान तापले. वर्गात एखाद्या पोराने हेच केलं असतं तर तिने त्याला फळ्यापाशी उभं केलं असतं.

‘ती चूक माझी आहे, काका. दुरुस्त करते.’

‘आणि ते बाकीचं? इला कोण? वहिनींचं नाव चिंधी छापायचं? लोक हसतील आपल्याला. अगं, सून घरात येते म्हणजे तिचा नवा जन्म होतो. आपलं कुळ एक, तर नाव एक. मी संध्याकाळी येतो, पेन ड्राइव्ह घेऊन नागपूरला प्रेसमध्ये जायचं आहे. सगळं पूर्वीसारखं कर.’

‘चिंधीकरपंत पूर्वीसारखे करते,’ इला म्हणाली. ‘बाकीचं नाही.’

काकांनी फोन ठेवला. अभिराम म्हणाला, ‘राहू दे ना अगं, काय फरक पडतो?’ आणि हे तो मनापासूनच म्हणाला. त्याला खरंच फरक पडला नव्हता. त्याचं नाव जन्मापासून जिथे होतं तिथेच होतं, त्यावर कधी कुणी अंगठी फिरवली नव्हती. इलाला त्याच्यावर रागावताही येईना. ती मागच्या व्हरांड्यात गेली, कारण तिकडून मघापासून चालू असलेला दगडाचा आवाज थांबला होता. सासू चिंच फोडत बसली होती. पुढ्यात टरफलं, एका बाजूला चिंचोके, हात चिकट. तिने फोनवरचं सगळं ऐकलं होतं.

‘मैथिली, तू माह्यं नाव बदलून राह्यली?’

‘बदललं नाही आई. तुमचंच होतं ते परत ठेवलं.’

‘मले विचारलं काय?’

सासूने दगड खाली ठेवला. ती कधी मोठ्याने बोलायची नाही, आताही बोलली नाही. नाव बदललं तरी सासरी तिची बोली कुणाला बदलता आली नव्हती, लोक हसायचे तरी तिने ती सोडली नव्हती.

‘त्याईनं नाई विचारलं, पद्मा करून टाकलं. तू बी नाई विचारलं, चिंधी करून टाकलं. मंग तुह्यात अन् त्याईच्यात फरक काय राह्यला वं? तुह्या हाती मशीन आली म्हणून?’

हे इलाला लागलं. ती तिथेच खाली बसली. मघा पडद्यापुढे तिला जे वाटलं होतं, अंगभर पसरलेलं ते मोठेपण, आता तिला त्याची लाज वाटत होती. जिथे जिथे असेल तिथे. खात्री आहे का, असं न विचारता. मंगल कार्यालयात मधूकाकांच्या चेहऱ्यावरही तेव्हा असाच आनंद होता, आता तिला तो नीट आठवला. ते बिचारे कुणाचं वाईट करत नव्हते, त्यांनाही वाटत होतं आपण काहीतरी छान देतो आहोत. तिने एक चिंच घेतली आणि टरफल काढायला लागली. मग सासूच बोलली, चिंचेकडे बघत.

‘माह्याआधीची लेकरं जगली नाईत. कोणी आठवड्याचं गेलं, कोणी महिन्याचं. मी झाली तं मायनं मले सुपात घातलं अन् उकिरड्यावर नेऊन ठेवलं. देवाले वाटावं, फेकूनच देलं हिनं, हे नेयासारखं नाई. मंग शेजारणीनं उचललं अन् मूठभर कोंडा घेऊन मायले परत देलं. चिंधी नाव ठेवलं. चिंधी कोण नेते? कोणीच नाई नेत. म्हणून मी वाचली.’ तिने एक चिंचोका अंगठ्याने दाबून बाहेर काढला. ‘लगनात तुह्या सासऱ्याले ते नाव ऐकून कसंसंच झालं. पद्मा ठेवलं. मले लाज वाटे चिंधीची, काऊन खोटं बोलू? पद्मा चांगलं वाटे. पद्माच्या नावानं लेकरं झाली, हे घर झालं. ते बी माह्यंच नाव हाय. ते कोणाले काढू नाई देणार मी.’

‘मग पद्माच ठेवते आई.’

‘ऐकून तं घे पूर्ण. काढू नाई देणार म्हटलं. पण ते भाऊजी म्हणून राह्यले न, लोक हसतील? माह्या मायनं मले जगवासाठी ठेवलेल्या नावाले हसतील? हसूच दे मंग. दोन्ही लिहिजो. आधी चिंधी, मंग पद्मा. जसं झालं तसं.’

इला उठली. दाराशी पोचली तेव्हा मागून सासू म्हणाली, ‘अन् तुले मी इला नाई म्हणणार बापा. जिभेले वळण नाई राह्यलं.’ इला म्हणाली, चालेल. आणि तिला खरंच चालत होतं, कारण ते विचारून झालं होतं.

मग तिने मूळ प्रत परत आणली, आपलं ‘इला’ पुन्हा घातलं आणि पद्माकरपंतांना त्यांची वकिली परत दिली. आता तिने एकच आज्ञा सगळ्यांवर फिरवली नाही. ती फोन लावत बसली. पुण्याची एक सून, प्रेरणा, म्हणाली, माझं बदललंच नव्हतं, मीच बदलू दिलं नव्हतं, तुम्हाला कुणी सांगितलं नाही का? तिच्या लग्नात झालेला गोंधळ काकांनी लिहिला नव्हता. इंदूरची रुचिका म्हणाली, ‘नको ताई, जुनं नाव नको. माहेरच्या त्या घरात माझं काही चांगलं झालं नाही. हे नवंच माझं.’ एक काकू फोनवर नुसत्या रडल्या, मग हळूच नाव सांगितलं आणि म्हणाल्या, ‘ह्यांना आवडणार नाही, पण लिही.’ एकीला आपलं नाव आठवायला वेळ लागला. इला एकेकीसाठी एकेक ओळ लिहीत गेली : हिचं बदल, हिचं राहू दे, हिची दोन्ही ठेव. नोंदी पाहून ओळ लिहायची, कडा बांधायच्या, वाचून बघायचं. विद्यार्थ्यांना हे काम दिलं असतं तर ते म्हणाले असते, मॅडम, हे हातानेच करण्यासारखं झालं, मग आज्ञा लिहिण्याचा फायदा काय? पण इतक्या वर्षांत एवढं चांगलं काम आपल्या हातून झालं नव्हतं, असं तिला वाटत होतं.

शेवटी उरल्या त्या मेलेल्या. त्यांना फोन लावता येत नव्हता. ‘पत्नी कै. सीताबाई’, ‘पत्नी कै. रमाबाई’, सगळ्या रामांच्या सीताबाई आणि सगळ्या माधवांच्या रमाबाई, नवऱ्यांना जुळतील अशा. जिथे कुणी जिवंत म्हातारं होतं तिथे तिने विचारून पाहिलं; जवळजवळ कुणालाच ठाऊक नव्हतं. बाहेर ऊन उतरायला लागलं होतं. या बायकांच्या जागी काही घालायचा तिला हक्क नव्हता, आणि काहीच न घालता पुढे जाणं म्हणजे पुन्हा तेच झालं असतं. मग तिने एक आज्ञा लिहिली. जिथे नाव मिळालं नाही, त्या प्रत्येकीच्या ओळीच्या शेवटी ती एक वाक्य जोडणार होती. हे मात्र सगळ्यांना सारखं, शेवटी जी लावून. यात कुणाला विचारायची गरज नव्हती, कारण ते शब्दाशब्दाने खरं होतं.

मधूकाका आले ते उन्हातून तापून आले. सासूने त्यांना पन्हं दिलं. त्यांनी इलाकडे न बघता पडदा आपल्याकडे वळवला, चष्मा लावला आणि पानं बघू लागले. मुखपृष्ठावर पद्माकरपंत पाहून त्यांनी मान हलवली. मग वहिनींच्या पानावर आले आणि थांबले. ‘वहिनी, हे तुम्हाला चालतं?’

‘मीच लिवाले लावलं, भाऊजी.’

त्यांनी पान पुढे सरकवलं. इलाची ओळ आली, ती त्यांनी वाचली आणि पुढे नेली. दोन पिढ्या मागे, आपल्या वडिलांच्या पानावर ते आले, आणि तिथे त्यांचा हात थांबला. ते वाचताना त्यांचे ओठ हलत होते. ‘पत्नी कै. लक्ष्मीबाई. माहेर आर्वीचे. माहेरचं नाव : कुणी विचारलं नाही.’

‘हे काय आहे?’ ते म्हणाले. आवाज चढला होता. ‘माझ्या आईबद्दल असं लिहितेस? काढ हे.’

‘काढते,’ इला म्हणाली. ‘नाव सांगा.’

‘लक्ष्मीबाई. माई म्हणायचो आम्ही.’

‘ते या घरात ठेवलेलं झालं, काका. आर्वीला त्यांना काय हाक मारायचे? त्यांच्या आईनं काय ठेवलं होतं? सांगा, आत्ता बदलते. एका ओळीचं काम आहे.’

काकांनी सासूकडे पाहिलं. सासूने मान खाली घातली आणि म्हणाली, ‘सासूबाईच्या हातचं इतकी वर्षं जेवली मी, भाऊजी. शेवटी न्हाऊमाखू बी मीच घातलं. मी बी नाई विचारलं.’

काका खुर्चीत बसले. ज्या माणसाने इंदूरपर्यंत जाऊन पिढ्या गोळा केल्या, घोड्याचं नावसुद्धा सोडलं नाही, तो आपले हात मांडीवर ठेवून पडद्याकडे बघत होता. इलाला त्यांची दया आली, पण तिने ओळ पुसायची कळ दाबली नाही. मग काकांनी खिशातून फोन काढला आणि हिंगणघाटच्या बहिणीला लावला. ती त्यांच्यापेक्षा मोठी, ऐकायला कमी येणारी.

‘आक्का, मधू बोलतोय. आपल्या माईचं माहेरचं नाव काय गं होतं?’

‘काय म्हणतोस?’

‘माईचं नाव. लग्नाआधीचं.’

‘काऊन रे, काय झालं?’

‘काही नाही झालं. नाव सांग.’

मग आक्का म्हणाली, ‘थांब हं, आठवते,’ आणि फोन तसाच चालू राहिला. काका तो कानाला लावून बसले. प्रेस बंद व्हायच्या आत त्यांना नागपूरला पोचायचं होतं, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि इलालाही. तिने पेन ड्राइव्ह काढला, आणि ती ओळ आहे तशी ठेवून तो त्यांच्या मोकळ्या हातात दिला.